पन्नास हजारात जुनी गाडी: आधी पाणी पाहा, मग रंग

आमच्याकडे दर्यापूरच्या आजूबाजूला बऱ्याच गावांत बोअरला पाणी लागते, पण खारं लागते. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. हे पाणी माणूस तोंडात घेत नाही, गाडीच्या रेडिएटरमध्ये मात्र बिनदिक्कत ओततो. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या सबमर्सिबल मोटारी रोज खोलतो, त्यामुळं खार लोखंडाचं काय करतो ते डोळ्यांसमोर असते. जुनी गाडी घ्यायची, दुरुस्त करायची, वर्ष-दोन वर्षं फिरवायची आणि कोणाला तरी द्यायची, हा माझा नाद जुना आहे. मंडळी म्हणतात, "कायले आणता बाप्पा दारात हे भंगार?" भंगार कोणतं आणि गाडी कोणती हे ओळखायची माझी रीत खाली सांगतो.

टोपी उघडा

गाडी पाहायला जायचं तर सकाळी जा, आणि फोनवर मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात बोनटवर ठेवायचा. बोनट गरम लागला तर मालकानं गाडी मुद्दाम तापवून ठेवली आहे असं समजा. थंड इंजिन सुरू करतानाच त्याचे रोग दिसतात, गरम झाल्यावर बरेच लपतात. अशा वेळी मी चहा घेतो, गप्पा मारतो, तासभर थांबतो.

इंजिन गार असतानाच रेडिएटरची टोपी काढा. गरम इंजिनाची टोपी कधीच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येते. आत हिरवं किंवा लाल स्वच्छ कूलंट दिसलं तर मालक जाणता आहे. विटकरी पाणी दिसलं तर साधं पाणी वापरलं आहे आणि आत गंज आहे. टोपीच्या आतून पांढरा थर बसलेला असेल तर बोअरचं पाणी आहे. गरम झालं की त्यातला चुना नळ्यांमध्ये जमत जातो आणि मग रेडिएटर बाहेरून धडधाकट, आतून बुजलेला असतो. पाण्यावर तेलाची साय दिसली, किंवा इंजिन ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखं काही चिकटलेलं दिसलं, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालची (हेडखालची) सील, गेलेलं असू शकते. भाव त्याप्रमाणे बोला, नाहीतर घरी जा.

आता टोपी उघडी ठेवूनच गाडी सुरू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा असते. पण ते थांबतच नसतील तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतो आहे. टोपी लावून गाडी उभ्या जागी दहा-पंधरा मिनिटं चालू द्या आणि पंखा कधी लागतो ते ऐका. पंखा आपोआप लागला पाहिजे आणि थोड्या वेळानं आपोआप बंदही झाला पाहिजे. चावी फिरवल्याबरोबर पंखा सुरू होत असेल तर कोणीतरी तो 'डायरेक्ट' केलेला आहे. विदर्भातल्या जुन्या गाड्यांत हा प्रकार फार. डायरेक्ट पंखा म्हणजे गाडी तापत होती आणि रोग शोधायच्या ऐवजी वायर जोडून दिली.

टोपीसुद्धा बारीक नजरेनं पाहा. ०.९ लिहिलेली टोपी आतला दाब धरून ठेवते, म्हणून पाणी शंभरच्या बरंच पुढं, एकशेवीस अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. तिचं रबर फाटलं की शंभरालाच उकळी. मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस अंश असते, तिथं हा फरक जीवनमरणाचा. नवी टोपी शे-दोनशे रुपयांत येते.

अंजनगाव सुर्जीला एका निवृत्त गुरुजींची मारुती ८०० पाहायला गेलो होतो. गुरुजींचे पानमळेवाल्यांशी घरोब्याचे संबंध, ते मळ्यातल्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून डिकीत ठेवत. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "गाडी तापते भाऊ. मी खोटं काहून सांगू?" मी विचारलं, तापली की काय करता? म्हणाले, "काटा अर्ध्यावर गेला की कडुलिंबाखाली लावतो, पेपर वाचतो." या एका उत्तरावर मी गाडी घेतली. जी गाडी काटा लालवर जाऊनही दामटली जाते तिचं ॲल्युमिनियमचं हेड वाकते. गुरुजींनी तिला कधी तितकं तापूच दिलं नव्हतं.

तरी हेड उघडलंच. आमच्या चाचांच्या गॅरेजवर त्यावर स्टीलची सरळ पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खालून फीलर गेज सरकवून पाहिला. ०.०५ मिमीचं पातं कुठंच आत गेलं नाही. गेलं असतं तर हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, अमरावतीला न्यावं लागलं असतं. रेडिएटर खोलून नळ्यांतून सळ्या घातल्या तेव्हा पांढरा भुगा परातभर निघाला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, कोणीतरी काढून फेकलेला होता. इकडचे बरेच मेकॅनिक "आपल्या हवेत थर्मोस्टॅटचं काय काम" म्हणून तो काढतात. मला हे पटत नाही. थर्मोस्टॅट नसला की हिवाळ्यात इंजिन नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त जाते. उन्हाळ्यातल्या तापण्यावरही तो काढणं हा उपाय नाही, त्यानं फक्त बुजलेला रेडिएटर काही दिवस लपतो. नवा थर्मोस्टॅट, नवा होज पाइप, नवी टोपी, आणि कूलंट निम्मं-निम्मं बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात. इन्व्हर्टरवाल्याकडे पाच लिटरचा कॅन मिळते. त्या गाडीचा सगळा खर्च तिच्या किमतीच्या पावभरही झाला नाही.

कोणती गाडी

हे थोडक्यात. तालुक्याच्या गावी ज्याचं सामान मिळते तीच घ्यायची. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झालं, पण क्लच प्लेटपासून दाराच्या कडीपर्यंत सगळं अजून मिळते. अल्टो, ओम्नी, वॅगन आर याही तशाच. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळं उन्हाळ्यात ड्रायव्हरच्या बुडाखाली चूल पेटल्यागत होते हे ध्यानात ठेवा. शिवाय ती मागच्या चाकांवर चालते, म्हणून मागं ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, पाहावे लागतात. गिअर टाकून क्लच सोडताना खालून 'टण' आवाज आला तर क्रॉस गेले. ८०० आणि अल्टोत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा, कटकट वाजलं तर एक्सलचा जॉइंट गेला.

कार्ब्युरेटरची जुनी गाडी स्वस्त मिळते आणि तिच्यात समजायला सोपं असते. पण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येते. जुने रबरी पाइप त्यात फुगतात, तडकतात, आणि गाडी महिनोन्महिने उभी असेल तर टाकीत पाणी धरते. अशी गाडी घेतली तर पेट्रोलचे सगळे पाइप पहिल्याच दिवशी बदला. पेट्रोल गळणाऱ्या पाइपशी उधारी चालत नाही.

काळीपिवळीची जीप पाहू नका असं मी म्हणत नाही, पण ती पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याच्या नोंदणीची असते. परमिट जमा करणं, कर भरणं, खासगीत बदलून घेणं, हे सगळं झाल्याशिवाय ती तुमच्या घरची गाडी होत नाही. मेळघाटात धारणीकडे चाललेल्या जीपची चेसिस घाटानं किती पिळली असेल याचाही विचार करा.

पत्रा, आणि नागपूरची ती अल्टो

आपल्याकडे कोकणासारखा खारा वारा नाही, त्यामुळं पत्रा तसा बरा टिकतो. गंज पाहायचा तो चटईखाली, बॅटरीच्या ट्रेखाली, जॅक लावायच्या जागी आणि रनिंग बोर्डाच्या आतून. एक छोटा चुंबक फडक्यात गुंडाळून न्या. पत्र्यावर तो पकडतो, पुट्टीवर घसरतो. दाराच्या रबरी बिडिंगा ओढून आतले कारखान्यातले वेल्डचे गोल ठिपके पाहा. ते सारख्या अंतरावर असतात. मधेच ओबडधोबड वेल्डिंग आलं तर गाडी ठोकलेली आहे. बंपर बदललेला असेल तर मी मनावर घेत नाही. पुढचा एप्रन, म्हणजे पुढच्या चाकावरचा आतला पत्रा, किंवा दाराचा खांब कापून जोडलेला असेल तर फुकट दिली तरी नको.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातलं. नक्षी कितीही खोल दिसू द्या, उन्हात उभ्या गाडीचं सहा-सात वर्षांचं टायर मी धरतच नाही, किमतीतून वजा करतो. आणि असल्या टायरवर समृद्धीवर चढू नका. तिथला वेग आणि तिथलं तापलेलं काँक्रीट जुन्या रबराला सोसत नाही.

एकदा नागपूरला अल्टो पाहायला गेलो. भाव इतका कमी की माझ्याबरोबर आलेला साळा तर गाडीत बसूनच मोकळा झाला. सीट कव्हर नवं, आत अत्तराचा वास, डॅशबोर्ड चकचकीत. अत्तराचा वास आला की मी सीट बेल्ट ओढतो. शेवटपर्यंत, पूर्ण बाहेर. रोज वापरात येणारा भाग स्वच्छ होता, पण गुंडाळीत राहणाऱ्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ होती. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा कित्येक गाड्या बुडाल्या. ही त्यातलीच असावी. मालकाला विचारलं तर म्हणे, "पाणी फक्त चाकाइतकं होतं." मी सीटखालचे कनेक्टर उघडून दाखवले, पितळावर हिरवा गंज. त्यानं चहा पाजला, आम्ही प्यालो आणि एसटीनं परत आलो. साळा वरुडपर्यंत बोलला नाही. हो, वरुडावरून आलो, त्याला तिकडं संत्र्याच्या बागेचं काम होतं.

बुडालेली गाडी आज चालते, पुढच्या पावसाळ्यात तिची वायरिंग एकेक करून दगा देते. इंजिन बदलता येते, सगळीकडची वायरिंग बदलणं मात्र माझ्यासारख्या वायरीत जन्म घालवलेल्या माणसालाही नको वाटते.

कुटारातली ओम्नी

तरी वायरिंगनंच मला सर्वांत स्वस्त गाडी मिळवून दिली. अकोटकडच्या एका खेड्यात ओम्नी गोठ्यात उभी होती, बाजूला तुरीच्या कुटाराचा, म्हणजे भुश्याचा ढीग. कुटारात उंदीर, उंदरांना रात्री ओम्नीच्या डॅशबोर्डमागची ऊब. मालकानं दोन मेकॅनिक आणले, दोघांनी "पूरी वायरिंग नयी डालो" सांगितलं. भंगारवाला किलोच्या भावानं मागत होता. मी त्याच्यापेक्षा थोडे जास्त दिले.

अशी गाडी आणली तर आधी बॅटरीची वजा बाजू काढून ठेवा. मग कुरतडलेली प्रत्येक वायर रंगाप्रमाणे दोन्ही टोकांनी पकडून मल्टिमीटरवर वाजवून, म्हणजे मधे तुटलेली नाही ना ते पाहा. जोड देताना वायर पिळून वर काळी टेप गुंडाळू नका. उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. झाळ (सोल्डर) लावा, वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवा. वायर जेवढ्या जाडीची होती तेवढीच घाला आणि फ्यूजच्या जागी कोणी तांब्याची तार घातली असेल तर ती काढून योग्य अँपिअरचा फ्यूज बसवा. अशा तारेमुळं गाडी पेटू शकते.

निम्मे रोग तर अर्थिंगचे असतात. दिवे मंद, हॉर्न कुंथतो, स्टार्टर कुरकुरतो, म्हणून लोक बॅटरी बदलतात. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या वजा खिळ्यावर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थची पट्टी खोला, घासा, घट्ट बसवा. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट पाहिजेत. कमी असतील तर अल्टरनेटर पाहा. जास्त असतील तर रेग्युलेटर गेला आहे आणि बॅटरी उकळणार. गाडी बंद असताना बॅटरीतून पन्नास मिलीअँपिअरपेक्षा जास्त जात असेल तर कुठंतरी चोर आहे, एकेक फ्यूज काढत जा, ज्यावर आकडा पडेल तिथं तो सापडते.

उंदरांसाठी मी फिनाइल, तंबाखू, सगळं करून पाहिलं. गाडी कुटारापासून लांब उभी करणं, एवढंच चालते.

भाव आणि वेळ

मृगाच्या सुमारास, मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गाड्या विकायला निघतात. बी-बियाणं, खत, मुलांच्या ॲडमिशन, सगळं एकदम अंगावर येते. दिवाळीत मूग-सोयाबीनचा पैसा हातात आला की तीच गाडी दहा हजारांनी महाग होते. घ्यायची ती जूनमध्ये. पण पेरणीसाठी गाडी विकणाऱ्याची नड पाहून भाव पाडू नका. गाडीचा रोग दाखवून जो कमी होईल तो करा, बाकी रोख पैसे त्याच दिवशी द्या. त्याला भावापेक्षा तो दिवस महत्त्वाचा असते. अशा व्यवहारातूनच पुढच्या गाडीचा पत्ता मिळतो.

खिशात लाख असतील तर पन्नासची गाडी पाहा. उरलेले पन्नास टायर, बॅटरी, क्लच, रेडिएटर आणि कागदांत जातात. लाखात लाखाची गाडी घेणारा पहिल्या पंक्चरला कर्ज काढतो.

कागद

जमीन घेताना सातबाऱ्यावरचा बोजा पाहतो तसा आरसीवरचा बोजा पाहा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी कधीपर्यंत आहे, विमा, पीयूसी आणि फायनान्स कोणाचा ते दिसते. कर्ज फिटलं असलं तरी बोजा उतरवलेला नसतो. त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागते, आणि ते मालकाकडून व्यवहाराआधी करून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. ई-चलन किती बाकी आहे तेही बघा. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः डोळ्यांनी जुळवा. मागं गॅसची टाकी असेल तर तिची आरसीवर नोंद हवी. घरगुती सिलिंडरवर चाललेली गाडी दिसली तर बसूही नका.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा. दुसऱ्या आरटीओकडची गाडी असेल, म्हणजे तुम्ही एमएच २७ चे आणि गाडी एमएच ३१ ची, तर फॉर्म २८ ची एनओसीही विचारा. मालक वारला असेल तर फॉर्म ३१ आणि सगळ्या वारसांची संमती. अशा एका बोलेरोचा व्यवहार माझा महिनोन्महिने अडकला, कारण तीन भावांपैकी धाकटा पुण्यात आणि तिघांत बोलणं बंद. गाडी ताडपत्रीखाली आणि मी दर रविवारी मोठ्या भावाकडे चहाला. शेवटी बहिणीनं तिघांना राखीला एका खोलीत बसवून सह्या घेतल्या.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं पासिंग हा वेगळा खर्च आहे. एप्रिल २०२२ पासून कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० केली. वर पर्यावरण कर, आणि उशीर झाला असेल तर महिन्याला ५०० प्रमाणे दंड. २००५ ची ८०० तीस हजारात मिळते, पण पासिंग संपून दोन वर्षं झाली असतील तर हिशेब आधी कागदावर मांडा. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळते.

दिल्लीहून आलेल्या स्वस्त डिझेल गाड्या अमरावती-नागपुरात फिरताना दिसतात. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून त्या इकडं येतात. गाड्या वाईट नसतात, पण एनओसी आणि इथला कर धरला की स्वस्ताई बरीचशी उडते.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात ब्रेक. चारी चाकं काढा, लायनर, पॅड, व्हील सिलिंडर पाहा, ब्रेक ऑइल नवं भरा. मग इंजिन ऑइल, फिल्टर, टायमिंग बेल्ट. आधीच्या मालकानं "आत्ताच बदलला" म्हटलं तरी बिल नसेल तर बेल्ट बदलाच, विशेषतः डिझेलमध्ये. तिथं बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. त्यानंतर कूलंट. विमा त्याच आठवड्यात आपल्या नावावर करून घ्या, त्याला १४ दिवसांची मुदत असते, आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नसेल तर तिचं बुकिंग करा.

एसी, टेप, रंग दिवाळीनंतर. रंगाला चाचांकडे द्यायची असेल तर कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी द्या, कारण एकदा मालवाहू गाड्या दुरुस्तीला यायला लागल्या की तुमची ८०० कोपऱ्यात संक्रांतीपर्यंत प्रायमर लावून उभी राहते.